पाथरवट याची बायको

आमच्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत. हे वाक्य मी आजवर इतक्या लग्नांत आणि बारशांत सांगितलंय, की ऐकणारे हातातला घास न थांबवता मान डोलावतात. प्रत्येक कुटुंबात एक गोष्ट सांगणारा लागतो. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलं, कारण जेवणाच्या पंगती वाढणं, मांडव बांधणं, भांडणं सोडवणं यांतलं दुसरं काही मला धड जमत नाही.

गोष्ट अशी. पणजोबा चाकणच्या पुढं आमच्या गावी शेती करायचे. बांधावर शेंदूर फासलेला एक धोंडा होता. तो नांगराच्या आड येतो म्हणून पणजोबांनी उपटून ओढ्यात फेकला. त्याच आठवड्यात त्यांना खोकला लागला आणि तो त्यांना घेऊनच गेला. मग तो खोकला आजोबांना वारसाहक्कानं मिळाला, आजोबांकडून वडिलांना. सातबाऱ्यावर आमच्या नावानं काही चढलं नाही, पण खोकल्याची नोंद कधी चुकली नाही. इथं लोक हसायचे. मीही हसायचो. भीतीची गोष्ट सांगायला बरी वाटते, कारण भीती आजोबांची असते.

यंदा दिवाळीनंतर मला खोकला लागला, आणि पुढच्या वर्षी मी पन्नास पुरे करणार आहे.

पहिले काही दिवस मी तो फटाक्यांवर ढकलला, मग थंडीवर, मग चाकणच्या रस्त्यावर. शेवटी बायकोनं मला धरून थेरगावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "घरात कुणाला छातीचं काही होतं का?"

मला दुसरं काय पाहिजे? मी सुरू झालो. शेंदूर, धोंडा, नांगर. आजोबांपर्यंत आलो आणि अडलो. लग्नातल्या मांडवात जी गोष्ट सुरळीत चालते, ती त्या पांढऱ्या पडद्याच्या आड चालेना. डॉक्टर बाई पेन हातात धरून थांबल्या होत्या.

"एक एक्स-रे काढून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि वडील, आजोबा, पणजोबा काय काम करत होते, कशानं गेले, हे नीट विचारून या. गोष्ट नको. माहिती आणा."

बायको वाटेत म्हणाली, "बरी भेटली."

एक्स-रेची चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आणि पाकीट खिशात. काढला नाही. काढला तर त्यात काहीतरी दिसणार, आणि न काढल्यास दिसणार नाही, एवढा साधा हिशेब होता. मात्र 'माहिती आणा' हे डोक्यातून जाईना. वडील भोसरीला फाउंड्रीत होते. आजोबा मोशीच्या बाजूला दगडखाणीत. दोघांच्याही नाकातोंडात आयुष्यभर धूळ गेलेली, हे मला न कळण्याइतका मी खुळा नाही. म्हणून तर पणजोबांवर सगळं अडलं होतं. ते गावात, शेतात, मोकळ्या हवेत. तेही तसेच खोकून गेले असतील तर धुळीवर बोट ठेवता येत नाही. मग ते रक्तात आहे. आणि रक्तात असेल तर माझ्यात आहे, आणि माझ्यापाशी थांबणार नाही. माझा मुलगा ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

एमआयडीसीतल्या माणसाला गुरुवारची सुट्टी असते. रविवारी सगळं जग आराम करतं तेव्हा आम्ही गेटवर अंगठा लावतो. याचा एकच फायदा, की सरकारी कचेऱ्या आमच्या सुट्टीला उघड्या सापडतात. पहिल्याच गुरुवारी मी मोटरसायकल काढली आणि तालुक्याला गेलो.

जुन्या नोंदींच्या खोलीबाहेर पार जिन्यापर्यंत रांग होती. हल्ली जातीच्या दाखल्यासाठी जो तो आपले पूर्वज हुडकतो आहे. कुणाच्या हातात आजोबांचा शाळेचा दाखला, कुणाच्या हातात झेरॉक्सची झेरॉक्स. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कशासाठी?"

"पणजोबांसाठी."

"सगळे पणजोबांसाठीच आलेत भाऊ. दाखला ना?"

"नाही. ते कशानं मेले ते बघायचंय."

आता मान वर झाली. "जमिनीचा वाद?"

"नाही."

"विमा बिमा?"

"पणजोबांचा विमा कुठला राव!"

"मग आता कळून काय करणार? जाऊन आणणार का परत?"

मागून एक जण ओरडला, "ओ भाऊ, उरका! आमचे अजून जिवंत असल्याचे पुरावे मिळंनात, तुमचं मेल्याचं काय घेऊन बसलाय!"

रांग हसली. एरवी अशा ठिकाणी मी परतफेड केली असती. त्या दिवशी मला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत माझ्या मागची जागा थोडी मोकळी झाली.

नोंदी मोडीत होत्या. मोडी वाचणारे एक निवृत्त काका व्हरांड्यात बाकावर बसत. हातात भिंग, डोक्यावर कानटोपी, आणि भोवती दाखलेवाल्यांचा घोळका. माझा नंबर लागल्यावर मी गावाचं नाव सांगितलं, पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं सांगितलं. काकांनी गावच्या जन्ममृत्यूच्या वहीची पानं उलटत वाचायला घेतलं. नाव, वय, धंदा, मरणाचं कारण. आवाज असा, की कंडक्टर थांब्यांची नावं घेतोय.

"शेती. ताप. शेती. पटकी. शेती. ताप. पाथरवट याची बायको—"

"काका, बायका सोडा. पुरुष तेवढे वाचा."

"तेवढाच माझा घसा वाचला," काका म्हणाले आणि पुढं गेले.

पणजोबा सापडायला दुपार झाली. काकांनी भिंग थांबवलं, माझ्याकडं बघितलं, परत वहीकडं बघितलं. "हेच का? बापाचं नाव जुळतंय. वय अजमासे चाळीस. कारण खोकला व दम." मग म्हणाले, "धंदा पाथरवट."

"शेती," मी म्हणालो.

"पाथरवट लिहिलंय."

"शेतीच होती आमची."

"अहो, मी काय तुमची शेती पळवतोय का? इथं पाथरवट आहे. जाती, पाटे, वरवंटे घडवणारा."

म्हणजे नांगर नव्हता. बांध नव्हता. शेंदराचा धोंडा पणजोबांनी ओढ्यात फेकला नव्हता. फार तर त्याचा पाटा करून विकला असता. माझी सगळी गोष्ट त्या बाकावर मेली. पण त्या वेळी मला तिचं काही वाटलं नाही. मला एकदम हलकं वाटलं, कारण पाथरवट म्हणजे दगड आणि दगड म्हणजे धूळ. पणजोबासुद्धा धुळीतलेच निघाले!

"थांबा," काका म्हणाले. "ह्यांचा एक मुलगाही आहे मागच्या पानावर. बापाआधीच गेलेला. वय बारा. धंद्याच्या रकान्यात काही नाही. कारण खोकला."

बारा वर्षांचं पोर. आजोबांचा थोरला भाऊ. त्याचं नावही घरात कधी निघालं नव्हतं. ज्याच्या हातात अजून छिन्नी आली नव्हती, खाण नव्हती, फाउंड्री नव्हती, तो खोकून गेला. मग धूळ कुठली? धुळीच्या बरोबरीनं दुसरंही काही चालत आलेलं आहे, आणि ते धंदा बघत नाही, वयही बघत नाही.

परत येताना मी नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या मधोमध श्वास मोजत होतो. हेल्मेटमध्ये श्वास फार मोठा ऐकू येतो. मोशीच्या सिग्नलला मला दम लागल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की मी मघापासून श्वास धरूनच बसलोय. तो सोडला तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काय झालं काका, बरं वाटत नाही का?" काका! म्हटलं, आता निदान मेल्यावर वहीत वय पन्नाशीच्या वर तरी लिहा.

घरी आल्यावर मी मुलाचा एक ड्रॉइंग शीट घेतला आणि मागच्या बाजूवर वंशावळ काढली. वर पणजोबा. खाली त्यांचे दोन मुलगे, एक बारा वर्षांचा, एक आजोबा. आजोबांखाली वडील. वडिलांखाली मी. प्रत्येक चौकटीशेजारी लाल पेनानं 'खोकला' लिहिलं. माझ्या शेजारी काही लिहिलं नाही, पण पेन तिथं टेकलं आणि एक लाल ठिपका पडला.

मुलगा कॉलेजातून आला, सॅक टाकली आणि माझ्या खांद्यावरून बघायला लागला. तो जरा जास्तच वेळ बघत होता.

"हा बारा वर्षांचा कोण?"

"माझे चुलत आजोबा."

"हाही?"

"हं."

"म्हणजे हे असं खाली येतंय." त्यानं बोट पणजोबांपासून माझ्यापर्यंत आणलं. मग माझ्या खालच्या रिकाम्या चौकटीत नेलं. ती मी त्याच्यासाठीच आखली होती. हाताला सवय असते. "पप्पा, मलापण सकाळी खोकला येतो. गेल्या महिन्यापासून."

"ताथवड्यात सगळीकडं बांधकामं चाललीत. सगळ्यांनाच येतो."

"तुम्हाला सांगणार नव्हतो. तुम्ही लगेच गोष्ट केली असती."

तो हसायला बघत होता. ते हसू चेहऱ्यावर नीट बसेना. आजवर मी माझ्यासाठी घाबरत होतो, आणि त्यात, खरं सांगायचं तर, थोडा मानही होता. खानदानी आजार म्हणतात तो. त्या क्षणी तो मान गेला. मी शीट उलटा करायला गेलो तर बायकोनं तो ओढून घेतला. तिच्या हाताला मेथी लागली होती, ती वडिलांच्या चौकटीवर पडली.

तिनं शीट लांब धरून बघितला. "ह्यात बाया कुठायत?"

"अगं, वंशावळ अशीच काढतात."

"म्हणजे पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला? बाळंतपणं कुणी केली, तलाठ्यानं?"

"तू उगाच विषय—"

"अहो, विषयच तो आहे. तुमच्या आजी कशानं गेल्या?"

"आजोबांच्या पाठोपाठ गेली. हाय खाऊन. सगळे असंच म्हणतात."

"हाय खाऊन म्हणजे काय होऊन? खोकत होत्या का?"

मला माहीत नव्हतं. आजी गेली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पण माहीत नसण्याचं खरं कारण ते नाही. आजोबाही मी बघितलेले नव्हते, आणि त्यांचा खोकला मला पाठ होता. आजीबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं.

"मी बाहेरून आले ना ह्या घरात?" बायको म्हणाली. "माझ्या रक्तात तुमच्या पणजोबांचं काही असेल का? नसेल. तशाच त्या बाहेरून आलेल्या. त्या बाया नीट जगल्या असतील आणि नुसते पुरुषच खोकून मेले असतील, तर रडा मग. पण त्याही खोकल्या असतील, तर रक्ताचा काय संबंध? आधी त्या शोधा. आणि ह्याला," तिनं मुलाकडं बघितलं, "उद्या त्या डॉक्टरीणबाईंकडं नेऊन आणते. तुमच्यासारखं चिठ्ठी सांभाळत बसणार नाही मी."

पुढचा गुरुवार यायला फार वेळ लागला. मी स्टोअरला कामाला असतो. दिवसभर माल देणं, घेणं, सही करणं. त्या आठवड्यात मी बेअरिंगच्या जागी बुश दिले आणि सुपरवायझरनं विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "तेच बघायला चाललोय."

मुलाची छाती साफ निघाली. डॉक्टर बाईंनी त्याला ताथवड्यात रुमाल बांधून फिरायला सांगितलं. त्यानं मला फार बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, संध्याकाळपर्यंत. मग आठवलं, की वडीलही त्याच्या वयाचे असताना साफच असतील.

काकांनी मला ओळखलं. "आता काय? पणजोबांना परत मारायचं?"

"काका, बायका वाचा."

"मागच्या वेळी सोडा म्हणालात."

"चुकलो."

काकांनी कानटोपी सारखी केली. आधी ते पानं लवकर उलटत होते, मग हळू. बायकांच्या नावांच्या जागी बहुतेक ठिकाणी नावच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, तमक्याची सून. त्या मेल्या त्यासुद्धा कुणाच्या तरी म्हणून मेल्या. पणजोबांच्या नावापुढं 'याची बायको' असं दोनदा आलं. दोघी वेगवेगळ्या वर्षी गेल्या होत्या. पणजोबांनी दुसरं लग्न केलं होतं, हेही घरात कुणाला माहीत नव्हतं.

"पहिली. कारण खोकला," काका म्हणाले. "दुसरी... थांबा, शाई उडालीय... दम व खोकला."

मी मोठ्यांदा "वा!" म्हणालो.

व्हरांड्यातले सगळे वळले. एका बाईनं पदर तोंडाला लावला. दाखलेवाल्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "सापडली वाटतं ह्यांची नोंद." काका मात्र माझ्याकडं रोखून बघत होते. दोन बायका खोकून मेल्या म्हणून वा म्हणणारा माणूस त्यांच्या बाकावर पहिल्यांदाच बसला असावा. मला एकदम लाज वाटली, आणि त्या लाजेखाली भीती तशीच होती. कारण ते बारा वर्षांचं पोर अजून सुटलं नव्हतं.

त्याच दुपारी मी परस्पर दिघीला आत्याकडं गेलो. वडिलांची ही एकुलती बहीण. पंचाहत्तरी कधीच ओलांडली आहे, पण किती ओलांडली हे विचारलं की चिडते. मुलाच्या घरात खालच्या खोलीत राहते, दारातून लष्कराची भिंत दिसते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं काहीतरी सांगणं चालूच असतं. मी गेलो तेव्हा ती खाटेवर बसून मटार सोलत होती.

"आलास? कुनाचं लगीन ठरलं?"

"आत्या, आजी कशानं गेली?"

ती मटार सोलायची थांबली नाही. "माझी आय? छातीनं. शेवटी शेवटी आडवं पडता येत नव्हतं तिला. भिताडाला टेकून बसायची."

"सगळे म्हणतात हाय खाऊन गेली."

"लोकान्ला काय, बाईमानूस मेलं की हायच खाल्ली म्हनायचं. दादाला, तुझ्या बापाला, आवडत न्हवतं तिचं काम सांगायला. तो कंपनीत लागला न, मग घरात टाकीचं नाव काढायचं न्हाई."

"टाकी?"

आता तिनं माझ्याकडं बघितलं, जसं शाळेत न गेलेल्याकडं बघतात तसं. "जात्याला टाकी लावायची आय. आरं, जातं दळून दळून गुळगुळीत व्हतं, मग पीठ निघंना. त्याला छिन्नीनं परत खाचा पाडायच्या, ती टाकी. चिंचवड, आकुर्डी, पार निगडीपर्यंत चालत जायाची. दारात बसायचं, जात्याची वरची पाळ उलटी करायची, आन् ठक ठक ठक. बाप खानीत दगड फोडायचा, आय दारोदार खाचा पाडायची. आपल्या बाया पिढीजात हेच करत आल्यात. पुरुषांनी घडवायचं, बायांनी टाकी लावत हिंडायचं."

"मला कुणी सांगितलं नाही कधी."

"तू कवा इचारलंस? तुला त्या धोंड्याचीच गोष्ट लई आवडायची. दादानंच सांगितली ती तुला, शेतकरी व्हतो म्हनून."

मी मग हळूच त्या बारा वर्षांच्या मुलाचं विचारलं. तिला तो माहीत नव्हता. पण ती सहज म्हणाली, "पोर असंल तर आयसंगं असनार. पोरं लागतातच टाकीला."

"कशाला?"

"फुकायला. छिन्नी मारली का खाचंत भुकटी बसती, आयला रेघ दिसत न्हाई. मग पोरानं तोंड खाली घालून फुकायचं. फूऽऽ." तिनं मटाराच्या ताटावर फुंकर मारली आणि दोनचार साली उडाल्या. "माझं तेच काम व्हतं. आय म्हनायची, हिच्यासारखी फुकनारी न्हाई. दादा लई कुचकामी, त्याला शिंका यायच्या."

त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती. मी ऐकत होतो की नाही, आठवत नाही. पोराच्या रकान्यात धंदा लिहिलेला नव्हता, कारण फुंकण्याला कोण धंदा म्हणणार? तरी ते पोर धुळीतच होतं. छिन्नीपेक्षाही दगडाच्या जवळ. माझं रक्त सुटलं होतं. माझा मुलगा सुटला होता. मी उठून आत्याच्या पाया पडलो आणि ती म्हणाली, "काय रं, कोन मेलं का?"

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर मी स्वतः जाऊन एक्स-रे काढला. डॉक्टर बाईंसमोर शीट पसरला. बायकोनं त्यावर आता बायकाही घातल्या होत्या, निळ्या पेनानं, आणि स्वतःलाही माझ्याशेजारी मोठ्या चौकटीत. डॉक्टर बाईंनी सगळं बारकाईनं बघितलं. मग एक्स-रे उजेडावर लावला.

"टीबीही असू शकतो त्या काळी, एका घरात सगळ्यांना लागतो. मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण वंशपरंपरेचं मला तरी ह्यात काही दिसत नाही. तुम्ही काय काम करता?"

"स्टोअरला असतो."

"आधी?"

आधी. उमेदीची काही वर्षं मी फेटलिंगला होतो. ओतलेल्या लोखंडाला वाळू चिकटलेली असते, कडा राहिलेल्या असतात. ते सगळं ग्राइंडरनं घासून काढायचं. तोंडाला रुमाल बांधायचो, संध्याकाळी तो काळा निघायचा, आणि आम्हाला वाटायचं, बघा, रुमालानं सगळं अडवलं. तिथून मला स्टोअरला टाकलं ते मी कामात ढिला होतो म्हणून. तेव्हा फार अपमान वाटला होता.

मी ते सांगितलं. डॉक्टर बाईंनी पेनाच्या टोकानं एक्स-रेवर वरच्या बाजूला दाखवलं. बारीक ठिपके होते, मुद्दाम बघितले तरच दिसणारे. "हे धुळीचे असावेत. थोडे आहेत. आता धुळीत नाही आहात, ते चांगलंय. मोठ्या डॉक्टरांकडं पाठवते, ते नक्की सांगतील. पण हे दर वर्षी बघायचं. आणि खोकल्याची गोष्ट सांगायची नाही, खोकला सांगायचा."

"पण मुलाला नाही ना जाणार?"

"धूळ वारशानं जात नाही."

बायकोनं माझा हात टेबलाखाली दाबला. मला मात्र त्या ठिपक्यांवरून डोळे काढता येईनात. रक्ताची भीती गेली होती, पण ती जागा रिकामी राहिली नव्हती. हे दुसरं कुणी मला दिलेलं नव्हतं. ते माझं मी कमावलेलं होतं, पगारपत्रकासकट.

डॉक्टर बाई शीटची घडी घालत होत्या. घालता घालता थांबल्या. "आणखी कोण होतं ह्या धुळीत? आत्ता हयात असलेलं?"

मी 'कुणी नाही' म्हणायला तोंड उघडलं. शीटवर कुणीच नव्हतं. आणि मग मला मटाराच्या साली उडालेल्या दिसल्या.

आत्या ऐकेना. "मला काय झालंय? दम्याची गोळी घेती मी रोज. म्हातारपन हाय ते." तिचा मुलगा म्हणाला, "दादा, तिला आधीपासून आहे तो दमा, सवयीचा आहे." किती आधीपासून, विचारलं. त्यालाही सांगता आलं नाही. ती मला म्हणाली, "मी सासरची हाय आता. तुमच्या कागदावर मी कशाला?"

"बायकोनं घातलंय तुला कागदावर," मी म्हणालो. ते खोटं होतं. आत्याला घालायचं तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं. पण त्यावर आत्या उठली, पातळ बदललं, आणि रिक्षात बसल्यावर दिघीपासून थेरगावपर्यंत रिक्षावाल्याला सांगत आली, की हा माझा भाचा, लगनात लई खोटं बोलतो.

एक्स-रेच्या खोलीत तिला यंत्रापुढं उभं केलं. आतला माणूस म्हणाला, "आजी, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." तिनं घेतला. तो अर्ध्यातच मोडला आणि ती खोकायला लागली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तिनं यंत्राच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं आणि मान वळवून मला शोधलं.

"आरं, ह्ये धरता येईना मला," ती म्हणाली. "फुकायला सांग. फुकायला येतंय मला."

आतल्या माणसानं मला जड एप्रन दिला आणि तिच्या खांद्याला धरून उभं राहायला सांगितलं. तिचे खांदे लहान मुलाएवढे होते. पातळाखाली तिची पाठ वर जात होती आणि अडत होती, वर जात होती आणि अडत होती. मला इतकं जवळून कुणाच्या तरी श्वासाची भीती यापूर्वी वाटली नव्हती, माझ्या स्वतःच्यासुद्धा.

"घे, आत्या," मी म्हणालो. "थोडाच घे. मी आहे."